पिशवीतलं काढा : संकेश्वरला भरलेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्याचं प्रकरण

सीमाभागात कार्यकर्त्यांचा मेळावा घ्यायचा म्हटलं की पहिला वाद विषयावरून होत नाही, जागेवरून होतो. गडहिंग्लजला घ्यावा तर खानापूरच्या डोंगरातल्या बायका दिवेलागणीच्या आत घरी पोचत नाहीत. बेळगाव शहरात घ्यावा तर हॉलवाला भाडं सांगायच्या आधी विचारतो, "मराठीचा कार्यक्रम काय ओ? परवानगी काढलासा?" निपाणीत घ्यावा तर गोकाक-हुक्केरीकडचे कन्नड बोलणारे कार्यकर्ते तोंडावर हो म्हणतात आणि येत नाहीत. आयोजकांनी हे सगळं चघळून शेवटी संकेश्वर धरलं. पुणे-बंगळूर महामार्गावरचं, हिरण्यकेशीच्या काठचं, हुक्केरी तालुक्यातलं गाव. गडहिंग्लज तिथून जवळ. बाजारात सौदा मराठीत सुरू होतो, कन्नडमध्ये संपतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मेळावा फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीचा, दोन दिवसांचा. बोलावलेली माणसं चाळीसेक. निपाणीच्या बिडी कामगार बायका, खानापूर तालुक्यात रोजगार हमीचं काम मागणाऱ्या बायकांच्या गटातल्या काहीजणी, हुक्केरीच्या बचत संघाच्या अक्का, गोकाक-सौंदत्तीकडे देवदासी बायकांमध्ये काम करणाऱ्या दोघीतिघी. महाराष्ट्राच्या बाजूने चंदगडचे ग्रामसभेवाले आणि गडहिंग्लजच्या दूध घालणाऱ्या बायका. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून हे टिपण. बोलावणारी संस्था लहान आहे, आणि खाली ज्यांची वाक्यं आहेत त्यांची पंचायतीशी रोज गाठ पडते. तेव्हा नावं दिलेली नाहीत.

असा मेळावा कशासाठी

आपल्याकडे ग्रामविकासाचा अनुभव घ्यायचा म्हणजे सहल काढायची, अशी रीत पडली आहे. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार. बस भरून जायचं, बंधारे बघायचे, सरपंचांचं भाषण ऐकायचं, फोटो काढायचे. यातल्या बऱ्याच जणांनी त्या सहली केल्या होत्या. त्या गावांचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हिवरेबाजार बघून आलेल्या माणसाला घरी आल्यावर आपलं गाव जास्तच नापास वाटायला लागतं, आणि "आमच्याकडे तसा माणूस नाही" म्हणून विषय मिटतो. आयोजकांचं म्हणणं साधं होतं: आदर्श गाव नको, शेजारचं गाव आणूया. ज्याचं पीक, पाऊस, कर्ज आणि बाजार आपल्यासारखाच आहे, त्याने काय केलं ते विचारूया.

इथे सीमाभागाची गंमत सुरू होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ही रेघ पडली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळ्यांना पाठ आहे. त्यावर मेळावे भरपूर होतात. पण त्या रेघेमुळे शेजारशेजारच्या दोन गावांत एकाच कामाचे दोन कायदे, दोन नमुने, दोन साहेब तयार झाले, ही बाजू कार्यकर्ते एकमेकांना कधी सांगत नाहीत. चंदगडमध्ये ग्रामपंचायत म्हणजे बहुतेक एक गाव, फार तर दोन-तीन वाड्या. खानापूरमध्ये एका पंचायतीत पाच-सहा गावं, आणि पंचायतीची कचेरी त्यातल्या एकात. तिकडे सरपंच आणि ग्रामसेवक, इकडे अध्यक्ष आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). रेघेच्या अलीकडे एखादी गोष्ट जमली आणि पलीकडे जमली नाही, तर ती माणसांमुळे की कायद्यामुळे, हे दोघांना शेजारी बसवल्याशिवाय कळत नाही.

बेळगावच्या मातीला हे नवं नाही. गांधीजी अध्यक्ष होते ते १९२४ चं काँग्रेस अधिवेशन सगळे सांगतात. २०२४ च्या डिसेंबरात त्याची शताब्दी गाजली. मला त्यापेक्षा १९३७ सालचं हुदली जवळचं वाटतं. गंगाधरराव देशपांड्यांनी खादीचं काम उभं केलं त्या गावात गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं होतं, आणि तिथे जमलेले लोक विधायक काम करणारे कार्यकर्ते होते. मोठ्या अधिवेशनाची आठवण राहते, कार्यकर्त्यांच्या बैठकीची राहत नाही. असो.

बस बंद

नेमक्या त्याच आठवड्यात बेळगावजवळ एका बसवाहकाला मारहाण झाली, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसवर हल्ला झाला, आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या एकमेकांकडे जायच्या थांबल्या. दर दोन-चार वर्षांनी हे होतं. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर ट्रकवर दगड पडले तेव्हाही असंच झालं होतं.

आयोजकांनी प्रवासखर्चाचा हिशेब मोठ्या खुशीत मांडला होता. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट, महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीचं अर्धं तिकीट. खानापूरच्या बायका आधार कार्ड दाखवून बेळगाव, तिथून संकेश्वर अशा एक रुपया न मोडता आल्या. गडहिंग्लजच्या बायकांची एसटीच निघाली नाही. त्या सीमेपर्यंत वडापच्या जीपने आल्या, तिथून पुढे ऊस टाकून रिकाम्या निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने सोडलं. चंदगडचे गुरुजी (निवृत्त शिक्षक, ग्रामसभेचा कीस पाडणारा माणूस) मोटरसायकलवर आले आणि आल्या आल्या म्हणाले, "आता नंबरप्लेट झाकून लावू का?" सगळे हसले. गाडी मात्र त्यांनी खरंच मागच्या अंगणात लावली.

बस बंद पडली याचा एक फायदा झाला. उद्घाटनाला येणारे पाहुणे आले नाहीत.

पहिला दिवस

पहिला दिवस वाया गेला म्हणायला हरकत नाही. प्रत्येक गटाने उभं राहून आपल्या कामाचा आढावा दिला. आम्ही अमुक साली सुरुवात केली, इतके गट काढले, या अडचणी आल्या, त्यांवर मात केली. टाळ्या. कन्नडमध्ये बोललेलं मराठीत आणि मराठीतलं कन्नडमध्ये सांगायला एक मुलगा ठेवला होता. त्याची फारशी गरज पडली नाही, कारण संकेश्वरच्या आसपासच्या बायकांना दोन्ही येतात. अडचण भाषेची नव्हती. देवदासी बायकांच्या पेन्शनचं ऐकून निपाणीच्या मावशींना वाईट वाटलं, कौतुक वाटलं, पण त्यातून त्यांनी घरी काय न्यावं? चहाच्या वेळी निपाणी निपाणीत बसली, खानापूर खानापुरात.

आढावा असा का होतो, याचं कारण कार्यकर्त्यांच्या स्वभावात नाही. गेली पंचवीसेक वर्षं पैसे देणाऱ्यांना अहवाल द्यायची सवय लागली आहे. अहवालात यश लिहायचं असतं आणि यशाला दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं टोक नसतं. "आम्ही पाठपुरावा केला" या वाक्यात कुठल्या वारी गेलो, कुणाच्या हातात कागद दिला, त्याने काय म्हटलं, पुन्हा कधी गेलो, हे सगळं गिळलेलं असतं. आणि दुसऱ्या गावातल्या बाईला नेमकं तेवढंच हवं असतं.

रात्री जेवणं झाल्यावर गाठ सुटली. खानापूरची एक कायकबंधू बाई (कर्नाटकात रोजगार हमीच्या कामावर हजेरी आणि मापं बघणाऱ्यांना कायकबंधू म्हणतात) पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या पोचपावत्या काढून लावत बसली होती. चंदगडच्या दोन पोरी तिच्याजवळ सरकल्या. "अक्का, ह्या काय पावत्या?" तासभर त्या तिथून हलल्या नाहीत. आयोजकांमधल्या वयाने मोठ्या बाईंनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम तिथेच मोडला. सकाळी सांगितलं: आज कुणी उभं राहून बोलायचं नाही. पिशवीत जे आहे ते काढायचं. वही, पावती, बिडी, पासबुक, काय असेल ते. प्रत्येक चटईवर एकच वस्तू. आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारायचं: यातलं कायद्यामुळे काय होतं, आणि तुमच्या हातामुळे काय? कायदा असेल तर दिल्लीचा की राज्याचा?

त्या शेवटच्या प्रश्नावर दुसरा दिवस उभा राहिला.

नमुना सहा

सगळ्यांत जास्त गर्दी पावत्यांच्या चटईवर. रोजगार हमीत काम मागायचं ते नमुना सहा भरून. २००५ च्या कायद्याने काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं पाहिजे, नाही तर बेकारी भत्ता: पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान पाव, पुढे निदान निम्मा. हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. त्या कायकबंधू बाईने सांगितलं ते पुस्तकात नाही.

"एकटीनं जायचं नाही. धाजणी तरी पाहिजेत. आणि सोमवारीच जायचं, कारण सोमवारी पीडीओ हमखास असतात. मंगळवारपासून मिटिंग लागतात. अर्जाच्या दोन प्रती. एकीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. 'ठेवून जावा, नंतर बघतो' म्हणाले की बसायचं. भांडायचं नाही, नुसतं बसायचं. जेवणाची वेळ झाली की शिक्का मिळतोय."

पीडीओ नसेल तर? बिल कलेक्टरकडे द्यायचा. तो घेत नसेल तर पोस्टाने रजिस्टर करायचा, पोस्टाची पावती अर्जाला टाचायची. घरी कॅलेंडरवर पंधरावा दिवस लाल पेनाने गोल करायचा. सोळाव्या दिवशी भत्त्याचा अर्ज.

चंदगडच्या एकीने विचारलं, "भत्ता मिळाला कुणाला?"

"भत्ता मिळत नाही, खरं भत्त्याचा अर्ज गेला की काम निघतंय."

मेळाव्यातलं सर्वांत उपयोगी वाक्य हेच, असं मला वाटतं. कायद्यातल्या एका कलमाचा उपयोग त्या कलमात लिहिलेल्या गोष्टीसाठी होत नाही, दुसऱ्याच गोष्टीसाठी होतो. हे कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. भत्त्याचा खर्च राज्याच्या बोकांडी बसतो, आणि तो का बसला याचं उत्तर खालच्या माणसाला द्यावं लागतं. म्हणून अर्ज पोचला की मस्टर (कामाचा हजेरीपट) निघतं.

आता सकाळच्या प्रश्नाची चाळणी: कायद्याचं काय, हाताचं काय. कायदा दिल्लीचा, म्हणून नमुना आणि पंधरा दिवस दोन्हीकडे लागू. सोमवार मात्र त्या पंचायतीचा. चंदगडला ग्रामरोजगार सेवक कधी भेटतो ते तिथल्यांनीच बघायचं. मजुरीचा दर केंद्र ठरवतं, पण राज्यागणिक. २०२४-२५ साली कर्नाटकात दिवसाला ३४९ रुपये, महाराष्ट्रात २९७. मधे बावन्न रुपये. चंदगडच्या पोरींना हे तिथे पहिल्यांदा कळलं आणि पाच मिनिटं दुसरं काही बोलणंच झालं नाही. "डोंगर तोच, खड्डा तोच, आणि बावन्न रुपये कमी?" गुरुजींनी अधिसूचना समजावून सांगितली. कुणाचंही समाधान झालं नाही, आणि व्हावं असंही त्या उत्तरात काही नाही.

खानापूरकडच्यांची अडचण वेगळीच निघाली. नमुना कन्नडमध्ये. खानापूरच्या मराठी शाळेतून शिकलेल्या बायका कन्नड बोलतात, पण कचेरीचं कन्नड वाचता येत नाही, म्हणून अर्ज भरायला कुणाला तरी गाठून वीस-तीस रुपये द्यावे लागतात. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यावेत असं धोरण आहे. त्यावर निवेदनं देऊन झाली आहेत, आणि सोमवार तर दर आठवड्याला येतो. या बाईच्या गटाने काय केलं? एक अर्ज नीट भरून घेतला, प्रत्येक रकान्यावर आकडा टाकला आणि मागे मराठीत लिहिलं: एक, नाव, दोन, जॉब कार्डाचा नंबर, तीन, किती दिवस काम पाहिजे. झेरॉक्स काढून वाडीवाडीत ठेवले. बाई आकडे बघून कोऱ्या कन्नड नमुन्यात माहिती भरते. त्या कागदाच्या पंचवीसेक झेरॉक्स रविवारी संकेश्वरच्या दुकानातून निघाल्या. हुक्केरीच्या कन्नड बायकांनीही नेल्या, कारण वाचता आलं तरी कुठला रकाना मोकळा ठेवायचा ते त्यांनाही कळत नव्हतं.

उलट्या दिशेनेही एक गोष्ट गेली. चंदगड काजूचं. तिथे रोजगार हमीतून स्वतःच्या रानात काजूची कलमं लावलेली माणसं आहेत: खड्डे आपल्याच रानात, मजुरीही आपल्यालाच. खानापुरातही काजू आहे. तिकडच्या बायका आतापर्यंत गटार आणि तळ्याचा गाळ एवढंच काम मागत होत्या. गुरुजींनी चटईच्या कडेला मातीत रेघा ओढून खड्ड्याचं माप आणि दोन झाडांतलं अंतर दाखवलं. कायकबंधू बाईने ते वहीत घेतलं आणि कुणालाच उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला: माकडं?

कर्जाचा कागद

१२ फेब्रुवारी २०२५ ला कर्नाटकात सूक्ष्म कर्जाच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश निघाला. दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. मेळाव्याच्या आधी दहाच दिवस. त्यामुळे हुक्केरीच्या संघाच्या अक्कांना सगळे एकच विचारत होते: कर्ज माफ झालं काय?

अक्का अध्यादेशाचा कागद घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी तो बाजूला ठेवला आणि एक रेघांची वही उघडली. प्रत्येक बाईचं एक पान. कुठल्या कंपनीचं, हप्ता कुठल्या वारी, किती, किती राहिला. पानाच्या उजव्या कडेला एक खूण: कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे की नाही. अध्यादेशाने नोंदणी नसलेल्या सावकारांचं कर्ज मोडीत काढलं. नोंदलेल्या कंपन्यांचं कर्ज तसंच राहिलं. एका बाईच्या पानावर चार हप्ते होते आणि चारही नोंदलेल्या कंपन्यांचे. "हिला काय सांगू मी? माफ झालं म्हणून पेढे वाटत होती." अक्कांनी ते सांगितलं तेव्हा ती बाई समोरच बसली होती.

या चटईवर राज्य आणि दिल्लीचा फरक फार कामाला आला. अध्यादेश कर्नाटकाचा, गडहिंग्लजच्या बायकांना त्याचा काडीचा उपयोग नाही, कंपन्या त्याच असल्या तरी. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्जाच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. तो नियम दोन्हीकडे. वसुलीवाला कितीला आला ते दाराच्या आत भिंतीवर पेन्सिलीने लिहायचं, तारखेसकट, ही अक्कांच्या संघाची रीत. गडहिंग्लजच्या बायकांनी ती उचलली. आणि दुसरी रीत, जिला कायदाच लागत नाही: एखादीचा हप्ता चुकला तर बाकीच्या सदस्यांनी तिच्या दारात जाऊन बसायचं नाही. कंपनीची सगळी वसुली त्या बसण्यावर चालते. बायका एकमेकींच्या दारात बसल्या नाहीत तर वसुलीवाल्याला स्वतः बसावं लागतं, आणि घड्याळ त्याला आडवं येतं.

हे सांगायला सोपं आहे. गटजामिनीवर कर्ज असतं तेव्हा एकीचा हप्ता बाकीच्यांच्या गळ्यात येतो, मग बसू नका म्हणून कसं भागेल? गडहिंग्लजच्या एकीने तेच विचारलं. अक्का म्हणाल्या, "आम्हीपण सगळ्या नाही ऐकत." उत्तर तेवढंच होतं.

छाट आणि सॅम्पल

निपाणीच्या मावशींनी चटईवर फक्त एक बिडी ठेवली. दोऱ्याची गाठ जरा सैल, तोंड नीट मुडपलेलं नाही. "ही छाट." हजार बिड्या वळून नेल्या की कारखान्याचा माणूस काही बाजूला काढतो, त्यांची मजुरी नाही. १९६६ च्या बिडी कायद्याखालच्या नियमांत छाट साधारण अडीच टक्क्यांपर्यंत, कारण लिहून दिलं तर पाचपर्यंत, असं आहे. प्रत्यक्षात किती काढतील ते त्या दिवशी समोर बसलेल्या माणसावर. पानं आखूड आणि चिरकी मिळाली तरी छाट कामगाराची.

पण मावशींचा मुद्दा टक्क्यांचा नव्हता. "छाट काढलेली बिडी जाते कुठं? मजुरी न देता ती ठेवून घेतात आणि विकतात. म्हणून आम्ही म्हटलं, छाट काढा, खरं आमच्या समोर मोडून टाका. मोडायची म्हटल्यावर छाट कमी झाली बघा."

निपाणीने १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी अडवलेला महामार्ग बघितला आहे, गोळीबारही बघितला आहे. तिथल्या बायकांना हक्काची भाषा शिकवावी लागत नाही. ही युक्ती मात्र आंदोलनाची नाही. कामाच्या टेबलावरची आहे.

यावर गडहिंग्लजच्या दूधवाल्या बाई एकदम बोलल्या. तोपर्यंत त्यांना वाटत होतं, बिडीचं आपल्याला काय. "अगं बाई, आमचं सॅम्पल!" डेअरीत दूध घालताना फॅट बघायला प्रत्येकीचं थोडं दूध काढून घेतात. तपासायला थेंबभर लागतं, काढतात वाटीभर, आणि त्या वाटीचे पैसे धरत नाहीत. दिवसातून दोनदा, शेकडो बायकांचं. ते दूध जातं कुठं? प्रश्न तोच. कायदा वेगळा, धंदा वेगळा, राज्य वेगळं. हातातली युक्ती जशीच्या तशी लागू. तपासून उरलेलं सॅम्पल ज्याच्या त्याच्या किटलीत परत, समोर. अख्ख्या मेळाव्यात हा सांधा कुणी आखून जुळवला नसता. विषयवार गट पाडले असते तर बिडी एका खोलीत आणि दूध दुसऱ्या खोलीत बसलं असतं.

जे हललं नाही

सगळं काही जमलं नाही. देवदासींच्या चटईवर दोन्हीकडच्या यादीतून सुटलेली बाई हा प्रश्न होता. कर्नाटकाचा बंदीचा कायदा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. कर्नाटकात पेन्शन मिळते ती १९९३-९४ आणि २००७-०८ च्या पाहणीत नाव आलेल्यांना. सौंदत्तीला सोडलेली, तरुणपणी महाराष्ट्रात गेलेली आणि म्हातारपणी माहेरी परतलेली बाई कुठल्याच पाहणीच्या वेळी घरात नव्हती. इकडचे म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात इकडे. अशी एकेक बाई दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना माहीत होती. त्यांची एक सामाईक यादी तिथेच बनवली, एवढंच झालं. त्याच वर्षी पुढे कर्नाटकाने नवा देवदासी कायदा मंजूर केला. यादी तयार आहे, बघायचं.

खानापूरच्या जंगलातल्या गावांचा विषय तर फिसकटलाच. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. आतल्या गावांना पक्का रस्ता नाही. पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो. आता सरकार कुटुंबामागे पंधरा लाख देऊन बाहेर बसवायचं म्हणतं. गुरुजींनी गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं उदाहरण काढलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणारं गाव, २००९. आतल्या गावातला पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, तिथं सगळं गाव एका बाजूला होतं. आमच्यात निम्मे जायचं म्हणतात, निम्मे राहायचं. आणि आम्ही आदिवासी नव्हे, पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा मागतात." गुरुजी चांगला माणूस, तेही गप्प बसले. जिथे गावालाच काय हवं ते ठरलेलं नाही तिथे शेजाऱ्याची युक्ती काय कामाची? आयोजकांनी हा विषय पुढच्या वेळी घ्यायचा नाही असं ठरवलं, आणि मला ते पटलं. दोन तासांच्या चटईवर त्या पोराला उगाच आशा लावण्यात अर्थ नाही.

नंतर

पावसाळ्यात आयोजकांनी फोन करून विचारलं. आकड्यांचा नमुना चंदगडला तीन गावांत चालू आहे, मराठी अर्जालाच. खानापुरात काजूच्या खड्ड्यांची मागणी गेली. एका पंचायतीने कृती आराखड्यात घेतली, दुसरीने नाही. आराखड्यात यायचं तर वॉर्ड सभेत मांडावं लागतं. कर्नाटकाच्या पंचायत कायद्यात त्याखाली जनवसती सभाही आहे, म्हणजे वाडीची वेगळी सभा, हे तेव्हा हुक्केरीच्या एका पोराने कन्नड पुस्तिकेत शोधून फोनवर सांगितलं. खानापूरकर तोवर पंचायतीच्या गावापर्यंत चालतच होते. गडहिंग्लजला एका डेअरीत सॅम्पल परत मिळायला लागलं, एका डेअरीत त्या बाईचं दूधच दोन दिवस "नापास" झालं. मग बाकीच्या बायकांनी आपापल्या किटल्या खाली ठेवल्या आणि तिसऱ्या दिवशी ते पास झालं.

भिंतीवरच्या पेन्सिलीच्या वेळा सगळ्यांत लवकर पसरल्या. घराला रंग काढला तेव्हा एकीच्या पुसल्या गेल्या. आता त्या वहीत लिहितात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याच्या, जागी नवा कायदा मंजूर केला: शंभराऐवजी १२५ दिवस, खर्चात राज्यांचा वाटा चाळीस टक्के. नमुना बदलेल, रकान्यांचे आकडे पुन्हा टाकावे लागतील. पुढचा मेळावा शिनोळीला घ्यायचं चाललं आहे, बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर, सीमा ओलांडली की लगेच. वाद यावेळी जागेचा नाही. पीडीओ आणि ग्रामसेवकांना बोलवायचं का, हा आहे. निपाणीच्या मावशी म्हणतात बोलवा, त्यांनाही दोन राज्यांचा फरक बघू दे. खानापूरची कायकबंधू बाई म्हणते, ते आले तर मी सोमवारचं कशी सांगू? आयोजकांनी तूर्त पहिला दिवस त्यांच्याशिवाय आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांच्यासकट असं लिहिलं आहे. खानापूरचा होकार अजून आलेला नाही.